मधली जागा: रोबोच्या हाताला तीन ठिकाणी थांबवताना

२०२२ च्या एबीयू रोबोकॉन स्पर्धेचे यजमानपद भारताकडे होते आणि त्या वर्षीचा खेळ होता लगोरी. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनच्या या स्पर्धेत यजमान देश आपल्या मातीतला खेळ किंवा प्रसंग निवडतो. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा रोबोंनी दहीहंडी खेळली होती. त्यामुळे लगोरीची घोषणा झाली, तेव्हा पुण्यातल्या आमच्या महाविद्यालयाच्या चमूत कोणालाही खेळ समजावून सांगावा लागला नाही. एकावर एक ठेवलेल्या पाच चकत्या, चेंडूने त्या फोडायच्या आणि प्रतिस्पर्ध्याला चुकवत पुन्हा रचायच्या. यांतले रचण्याचे काम ज्या रोबोकडे होते, त्याच्या हाताची जबाबदारी माझ्याकडे आली. मी तेव्हा यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि न्यूमॅटिक्स म्हणजे हवेवर चालणारे सोपे काम, अशी माझी पक्की समजूत होती.

हाताला वर-खाली नेण्यासाठी मोटर आणि पट्टा होता. तो भाग दुसऱ्या मुलाने बनवला आणि त्याने कधीही त्रास दिला नाही. माझा प्रश्न आडव्या दिशेचा होता. पकड तीन ठिकाणी थांबायला हवी होती: धावताना पूर्ण आत, जमिनीवरची चकती उचलताना १०० मिलिमीटर पुढे आणि रचलेल्या थराच्या बरोबर मध्यावर चकती ठेवताना २५० मिलिमीटर पुढे. हवेच्या दाबाने पिस्टन ढकलणाऱ्या नेहमीच्या सिलिंडरला दोनच जागा ठाऊक असतात, पिस्टन मागच्या झाकणाला टेकलेला किंवा पुढच्या झाकणाला टेकलेला. म्हणजे माझ्या तीन जागांपैकी दोन आपोआप मिळत होत्या आणि उरलेल्या एकीने माझे चार महिने घेतले.

याच कामासाठी मोटर का लावली नाही, असे प्रत्येक परीक्षकाने विचारले. आमच्याकडे मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हर कार्डांची टंचाई होती, पुढे झुकलेल्या हातावर मोटरचे वजन नको होते आणि सिलिंडर पाव सेकंदात पोहोचत होता. खरे सांगायचे तर वर्कशॉपच्या कपाटात जुन्या रोबोंचे सिलिंडर आयते पडलेले होते, हे कारण या तिन्हींपेक्षा मोठे होते.

पहिला प्रयत्न जो सगळे करतात तोच मी केला. १६ मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) आणि २५० मिलिमीटर स्ट्रोकचा (पिस्टनच्या पल्ल्याचा) एकच सिलिंडर घेतला आणि त्याला फाइव्ह-बाय-थ्री, म्हणजे पाच तोंडांचा आणि तीन स्थितींचा व्हॉल्व्ह जोडला, ज्याच्या मधल्या स्थितीत सगळे मार्ग बंद होतात. कल्पना अशी की पिस्टन १०० मिलिमीटरवर आला की तिथला रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आल्यावर लागणारा स्विच, संकेत देईल, व्हॉल्व्ह बंद होईल, दोन्ही बाजूंची हवा कोंडली जाईल आणि हात जागीच उभा राहील. टेबलावर हे सुंदर चालले आणि आम्ही त्याचा व्हिडिओसुद्धा काढला. रोबोवर चढवल्यावर मात्र हात कधी ११० वर, कधी १३० वर थांबू लागला. स्विचचा संकेत मिळाल्यापासून व्हॉल्व्ह प्रत्यक्ष बंद होईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. हात सेकंदाला अर्धा मीटर वेगाने जात असेल, तर ४० मिलिसेकंदांत तो २० मिलिमीटर पुढे सरकलेला असतो. हा उशीर दर वेळी सारखा असता, तर स्विच मागे सरकवून भागले असते. पण रोबोवर हवा साठवलेल्या बाटलीतला दाब जसा उतरतो तसा वेग बदलतो आणि वेग बदलला की थांबण्याची जागाही बदलते.

त्याहून वाईट गोष्ट थांबल्यानंतर घडत होती. रोबोने ब्रेक लावला की हात दीड-दोन सेंटिमीटर पुढे झुके आणि परत येई, जणू पकड स्प्रिंगवर बसवली आहे. ती खरोखरच स्प्रिंगवर होती. १०० मिलिमीटरवर उभ्या असलेल्या त्या सिलिंडरच्या मागच्या कप्प्यात साधारण २० घनसेंटिमीटर हवा मावते. त्याला जोडलेली आमची पीयू (पॉलियुरेथेनची) ट्यूब दोन मीटर लांब होती आणि चार मिलिमीटर आतील व्यासाच्या त्या ट्यूबमध्येच २५ घनसेंटिमीटर हवा होती. म्हणजे मी सिलिंडरमध्ये जेवढी हवा कोंडली होती, त्याहून जास्त हवा नळीत होती आणि ती सगळी दाबली जायला तयार होती. व्हॉल्व्ह सिलिंडरजवळ आणल्यावर झोका कमी झाला. थांबला मात्र नाही.

या व्हॉल्व्हचा आणखी एक गुण आम्हाला हातावर झेलून समजला. बाटल्या रिकाम्या केल्या, दाबमापकाचा काटा शून्यावर आला, म्हणून मी निश्चिंतपणे फिटिंगमधून ट्यूब ओढली, तेव्हा कोंडून राहिलेल्या हवेने पकड माझ्या मनगटावर आणून आदळली. मधले मार्ग बंद असलेल्या व्हॉल्व्हच्या पलीकडची हवा बाटलीबरोबर रिकामी होत नाही, हे पुस्तकातल्या आकृतीत स्पष्ट दिसते. मी ती आकृती परीक्षेत दोनदा काढलेली होती.

मनगटाला बर्फ लावत बसले असताना वर्कशॉपमधले मामा आले. प्रयोगशाळेतल्या सहायकांना आमच्याकडे सगळेच मामा म्हणतात. हे मामा त्याआधी भोसरीच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करत होते. त्यांनी हात एकदा ढकलून पाहिला आणि म्हणाले, “हवेला मधे कुठं उभी करतेस? तिला टेकायला भिंत दे.” मग त्यांनी कपाटातून दोन आखूड सिलिंडर काढले, त्यांच्या पाठी एकमेकींना लावून धरल्या आणि दोन्ही टोकांचे रॉड आळीपाळीने ओढून दाखवले.

मल्टी-पोझिशन सिलिंडर म्हणतात तो मुळात एवढाच प्रकार आहे. एका सिलिंडरचा रॉड रोबोच्या सांगाड्याला पक्का करायचा, दोन्ही सिलिंडरांची शरीरे पाठीला पाठ लावून जोडायची आणि दुसऱ्याच्या रॉडला पकड बसवायची. एकाचा स्ट्रोक १०० आणि दुसऱ्याचा १५० असेल, तर कोण बाहेर आहे आणि कोण आत आहे यावरून ०, १००, १५० आणि २५० अशा चार जागा मिळतात. यातली प्रत्येक जागा म्हणजे पिस्टन धातूला टेकल्याची जागा असते. तिथे वेळ मोजावी लागत नाही, दाब थोडा उतरला तरी जागा सरकत नाही आणि ब्रेक लावल्यावर हात झोका घेत नाही. दोन्ही स्ट्रोक सारखे घेतले तर चारऐवजी तीनच जागा मिळतात, कारण मधली जागा दोन प्रकारे येते. तेव्हा पकडीकडचा सिलिंडर आधी हलवणे बरे, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचे वजन विनाकारण पुढे-मागे न्यावे लागत नाही.

कारखान्यात तयार झालेले असे सिलिंडर कॅटलॉगात मिळतात. त्यांत एकाच नळीत दोन पिस्टन असलेला तीन जागांचा प्रकारही असतो: मागच्या आखूड पिस्टनचा रॉड पुढच्या पिस्टनला केवळ ढकलतो, त्याला जोडलेला नसतो. लांबी वाचते म्हणून मला तो फार आवडला होता, पण कागदावर हिशेब केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. पूर्ण बाहेरून मधल्या जागी परत येताना पुढचा पिस्टन रॉडच्या बाजूने मागे रेटत असतो आणि मागचा पिस्टन त्याला अडवून धरतो. २० मिलिमीटर बोअर आणि ८ मिलिमीटर रॉड असताना ४ बार दाबाला अडवणारे बल साधारण १२६ न्यूटन असते आणि रेटणारे १०६. मधली जागा टिकते ती या २० न्यूटनांच्या फरकावर, म्हणजे जेमतेम दोन किलो वजनाइतक्या जोरावर, आणि त्यातही सीलचे घर्षण वाटेकरी असते. कारखान्यात स्थिर उभ्या असलेल्या यंत्राला हे पुरत असेल. धावत येऊन गचकन थांबणाऱ्या रोबोला पुरेल असे मला वाटले नाही. शिवाय तो मागवून येईपर्यंत स्पर्धा होऊन गेली असती, त्यामुळे निर्णय घेणे सोपे गेले.

२० मिलिमीटर बोअरचे १०० आणि १५० स्ट्रोकचे दोन सिलिंडर घेतले आणि पहिल्याच जोडणीत लांबीचा प्रश्न उभा राहिला. सिलिंडरची लांबी म्हणजे केवळ स्ट्रोक नव्हे. झाकणे, रॉडचे बाहेर राहिलेले टोक आणि नट धरले की पूर्ण मिटलेली जोडीसुद्धा अर्ध्या मीटरच्या आसपास जाते. आमच्या सांगाड्यात तेवढी जागा नव्हती. मग पाठीला पाठ लावण्याऐवजी त्यांना कुशीला कूस लावून, तोंडे विरुद्ध दिशांना ठेवून, ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्यांत आवळले. जवळजवळ निम्मी लांबी वाचली आणि त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. दोन रॉड आता एका रेषेत नव्हते, त्यांच्यात ४० मिलिमीटरचे अंतर होते. एक ओढतो आणि एक ढकलतो म्हटल्यावर मधली जोडी पिळली जाई आणि हात अर्ध्या वाटेत अडकून बसे. ड्रॉवरला लावतात तसल्या टेलिस्कोपिक चॅनेलवर आम्ही सगळा भार टाकला होता, तो दुप्पट रुंदीवर दोन चॅनेल लावून सावरला आणि रॉडच्या दोन्ही टोकांना गोल फिरणारे रॉड-एंड बेअरिंग बसवले. सिलिंडरने फक्त ढकलायचे आणि ओढायचे, वजन आणि पीळ चॅनेलने घ्यायचा, ही वाटणी झाल्यावर अडकणे बंद झाले. तोपर्यंत एका रॉडवर तिरक्या घासण्याच्या रेघा उमटल्या होत्या आणि त्या सिलिंडरचे पुढचे सील शेवटपर्यंत साबणाच्या पाण्यात बुडबुडे काढत राहिले.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती ती म्हणजे मधली दोन्ही शरीरे स्वतःच हलतात, त्यामुळे चार नळ्याही त्यांच्याबरोबर जातात. पहिल्या आठवड्यात नळी चॅनेलमध्ये सापडून दोनदा चिरली. शेवटी नळ्यांचा सैल फास वरच्या बाजूने सोडला आणि व्हॉल्व्हच त्या हलत्या जोडीच्या शेजारी आणून ठेवले.

व्हॉल्व्ह जवळ आणण्याचे खरे कारण हवेचे होते. स्पर्धेच्या नियमाप्रमाणे दाब ६०० किलोपास्कलच्या, म्हणजे ६ बारच्या वर नेता येत नाही आणि हवा साठवायला त्यासाठीच बनवलेली टाकी किंवा उत्तम स्थितीतली प्लॅस्टिकची बाटली चालते. आम्ही बहुतेकांप्रमाणे शीतपेयाच्या सव्वादोन लिटरच्या दोन बाटल्या वापरत होतो. ओरखडा दिसला की बाटली बाद, असा आमचा कडक रिवाज होता आणि त्या काळात प्रयोगशाळेत शीतपेयाला ना म्हणणारा कोणी उरला नव्हता. साडेचार लिटरच्या साठ्यातला दाब ६ वरून, सिलिंडरकडे जाणारा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरच्या ४ बारपर्यंत उतरला, तर हाताशी येते ती बाहेरच्या दाबाची ९ लिटर हवा. दोन्ही सिलिंडर एकदा पूर्ण बाहेर जाऊन परत आले की त्यांच्यात सुमारे ०.७२ लिटर हवा खर्च होते. प्रत्येकी दोन मीटरच्या चार नळ्या प्रत्येक फेरीला भरून रिकाम्या होतात, त्यात आणखी ०.४ लिटर जाते. म्हणजे जवळपास आठ फेऱ्या. नळ्या अर्ध्या मीटरवर आणल्या तेव्हा तोच आकडा अकराच्या घरात गेला. तीन जास्तीच्या फेऱ्या कात्रीने मिळाल्या. मी आजही कोणाचा न्यूमॅटिक रोबो पाहिला, की सिलिंडरच्या आधी नळ्यांची लांबी बघते.

आता चौथ्या जागेविषयी. आम्हाला तीनच जागा हव्या होत्या, १५० मिलिमीटरची जागा फुकट मिळाली होती, आणि फुकट मिळालेली वस्तू वापरल्यावाचून राहवत नाही. चकती उचलताना ती थोडी पुढे पडलेली असेल, तर १०० वरून १५० वर जाऊन पकडावी, असे आम्ही ठरवले. त्यासाठी आखूड सिलिंडर आत आणि लांब सिलिंडर बाहेर, असे दोन्ही एकाच वेळी हलायला हवे होते. दोघांचा वेग सारखा नसतो. लांब सिलिंडर आधी सुटला, आखूड मागे राहिला आणि हात १५० वर जायच्या ऐवजी आधी जवळपास २५० पर्यंत उसळून मग मागे आला. त्या उसळीत त्याने समोर रचलेले आमचेच तीन थर उडवले. प्रतिस्पर्ध्याची गरजच उरली नाही, असे आमच्या कॅप्टनने शांतपणे नोंदवले. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलींना यात काहीच नवे वाटले नाही. बायनरी काउंटर एकावरून दोनवर जाताना दोन बिट एकदम बदलतात आणि त्यातला एक उशिरा बदलला की क्षणभर भलताच आकडा दिसतो, हे त्या दुसऱ्या वर्षातच शिकल्या होत्या. आमचा काउंटर फक्त लोखंडी होता.

उपाय क्रमाचा होता. आधी आखूड सिलिंडर आत घ्यायचा, तो आल्याचे रीड स्विचने सांगितले की मगच लांब सोडायचा. हात १०० वरून शून्यावर जाऊन १५० वर येई. सुरक्षित, पण वेळ आणि हवा दोन्ही जास्त घेणारा. याउलट ० वरून १००, १०० वरून २५० किंवा ० वरून १५० जाताना एकच सिलिंडर हलतो, तिथे असा घोळ होऊच शकत नाही. शेवटी १५० ची जागा आम्ही शून्यावरून निघतानाच वापरायची असे ठरवले आणि चालकाच्या रिमोटवरून तो थेट बदल काढूनच टाकला. स्ट्रोक निवडताना कोणत्या जागा मिळतात हे मी पाहिले होते. कोणत्या जागेवरून कोणत्या जागेवर जायचे आहे हे पाहिले नव्हते.

वेग आवरण्यासाठी फ्लो कंट्रोल लावले होते आणि ते बाहेर पडणाऱ्या हवेला अडवतील असे बसवले होते, कारण समोर कोंडलेल्या हवेच्या उशीमुळे पिस्टन एकसारखा चालतो. सकाळी पहिल्यांदा यंत्र सुरू करताना मात्र समोरच्या कप्प्यात हवाच नसते, अडवायलाही काही नसते, आणि हात गोळीसारखा सुटतो. आमच्या हाताने असाच एकदा समोरचा स्टूल पाडला. त्यानंतर रेग्युलेटर शून्यावरून हळूहळू वर आणायचा आणि समोर कोणी उभे राहायचे नाही, असा नियम भिंतीवर चिकटवला.

व्हॉल्व्ह निवडण्यावरून चमूत दोन तट पडले होते. एकाच सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या कॉइलचा), स्प्रिंगने परतणारा फाइव्ह-बाय-टू, म्हणजे दोनच स्थितींचा व्हॉल्व्ह स्वस्त असतो आणि त्याला एकच तार लागते. पण लाल इमर्जन्सी बटण दाबून वीज तोडली, की तो हाताला झटक्यात आत ओढतो. बटण दाबायची वेळ येते तेव्हा बहुधा कोणाचे तरी बोट त्या यंत्रात असते. म्हणून मी दोन सोलेनॉइडच्या, शेवटची स्थिती धरून ठेवणाऱ्या व्हॉल्व्हवर अडून बसले आणि बाटल्यांनंतर हाताने सरकवून सगळी हवा सोडता येईल असा वेगळा व्हॉल्व्ह लावून घेतला. खर्चाच्या बाजूने वाद घालणाऱ्या मुलाला मी माझे मनगट दाखवले. हे छोटे व्हॉल्व्ह स्वतः हवेच्या मदतीनेच सरकतात, त्यामुळे दाब फार उतरला की टक् असा आवाज येतो आणि काहीच हलत नाही. तारा तपासण्यात एक अख्खी संध्याकाळ घालवल्यावर आम्हाला कळले की रेग्युलेटर बंद राहिला होता.

राष्ट्रीय फेरीसाठी आम्ही दिल्लीला गेलो. साखळी सामन्यांच्या पुढे आमची मजल गेली नाही आणि त्याला हात कारणीभूत नव्हता; चाकांनी दगा दिला. एका सामन्यात पाचव्या चकतीच्या वेळी दाबमापक चारच्या खाली गेलेला मला रेषेबाहेरून दिसत होता. हात नेहमीपेक्षा संथ, जवळजवळ विचार करत पुढे गेला, पण थांबला तो २५० वरच.

पुढच्या वर्षी धाकट्या तुकडीने माझ्याकडे आराखडा आणला. त्यांना ५०, १०० आणि २०० स्ट्रोकचे तीन सिलिंडर जोडून आठ जागा हव्या होत्या, शून्यापासून ३५० पर्यंत दर ५० मिलिमीटरला एक. हिशेब बरोबर होता आणि चित्रही देखणे होते. मी त्यांना १५० वरून २०० वर कसे जाणार, एवढेच विचारले. तिघींनी कागदावर बाण काढायला सुरुवात केली, तिन्ही सिलिंडर एकदम हलतात हे त्यांच्या लक्षात आले आणि खोडरबर शोधला जाऊ लागला. मामा पलीकडे नळ्या कापत होते, त्यांनी मान वर न करता विचारले, “आणि बाटल्या किती लावणार, पोरींनो?”